परातभर वाळू

माधव गेल्याचं त्याच्या बायकोने, शैलाने, फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "आत्ता?" रडू आलं नाही, राग आला. आमचं भांडण अर्धं राहिलं होतं आणि हा माणूस मधेच उठून गेला होता...

आम्ही दोघं नाशिकच्या एकाच कॉलेजात शिकवायचो. मी गणित, तो स्थापत्य. समुद्रापासून इतक्या लांब, सातपूरच्या फ्लॅटमध्ये बसून तो कॉम्प्युटरवर किनारे चालवायचा. लाटांचे, वाऱ्याचे, वाळूचे आकडे भरायचे आणि काही वर्षांनी किनाऱ्यावरची वाळूची पुळण कुठे असेल ते पडद्यावर बघायचं. "नाशकात समुद्र कधी आला रे?" म्हणून स्टाफरूममध्ये सगळे त्याची फिरकी घ्यायचे. मग तो त्यांना घरी नेऊन गॅलरीतली परात दाखवायचा. परातीत वाळू आणि पाणी. मधे लाकडी पट्टी रोवून तो एका कडेने पाणी हलवत राही. थोड्या वेळाने पट्टीच्या एका बाजूला वाळू साचायची, दुसऱ्या बाजूला पितळ उघडं पडायचं. ती वाळू माझ्या माहेरची, मालवणकडची. आमची पुळण मोजायला तो दर वर्षी माझ्याबरोबर यायचा. दादा काठी धरायचा, मी आकडे उतरवून घ्यायचे, आणि संध्याकाळी वहिनीच्या हातचं माशाचं सार हा शाकाहारी घरातला माणूस बोटं चाटून खायचा. माझ्या घरातलाच होऊन गेला होता तो.

गावाला लागून बंदराचा धक्का बांधायचं ठरलं, तेव्हा वाळूचं काय होईल हे सांगायचं काम माधवकडेच आलं. गाव धास्तावलं होतं. आमची रापण, म्हणजे पुळणीवर उभं राहून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं. वाळूच नसेल तर उभं कुठे राहणार? देवळात सभा भरली. माधव म्हणाला, "पावसाळ्यात वाळू आत समुद्रात जाते, दिवाळीपर्यंत परत येते. माझं मॉडेल हेच सांगतंय." आमच्याकडे देवळात कोणी खोटं बोलत नाही. त्यातून तो माझा माणूस. धक्क्याच्या बाजूने पहिला हात दादाने वर केला.

धक्का झाला. पावसाळ्यात वाळू गेली. दिवाळीत दादा रोज सकाळी जाऊन बघून यायचा. पुढच्याही दिवाळीत गेला. "सर म्हणालेले मा, येतली म्हणान," एवढंच म्हणायचा. रापण माळ्यावर चढली.

मॉडेल चुकलं असेल, असं मी धरून चालले होते. आकडे चुकतात, त्याचा कसला राग? शेवटचं भेटलो तेव्हा त्याच गॅलरीत चहा पिताना मी तसं म्हटलंही. तो परातीकडे बघत राहिला.

"चुकलं नाही गं. सभेत सांगितलं ते धक्का नसतानाचं उत्तर होतं. धक्का घातल्यावर काय होतं, ते मला आधीच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तसं नेमकं कोणी विचारलं नाही..."

मी कप खाली ठेवला आणि निघून आले. पुन्हा गेले ती तो गेल्यावरच. त्याची आठवण येते, आणि येते याचाच मला जास्त संताप होतो.

दिवसकार्य झाल्यावर शैलाने बोलावलं. "अस्थी रामकुंडावर सोडल्या. ही वाळूही गोदावरीत सोडू का? फार जीव होता त्याचा हिच्यावर."

"नको," मी म्हटलं. "ती त्याची नाही."

परात मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आले. पाणी कधीच आटलं होतं. वाळू अजून पट्टीच्या एकाच बाजूला होती. मी दादाला फोन लावला.

"दादा, आपली वाळू सापडली."



"किती आसा गो?"

"परातभर."