डाव्या हाताचा भाता

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं केलं ते फळीवर पट्ट्या आखायचं काम. मी सुतळी धरली, हिने भिजवलेल्या तांदळाच्या पिठात बोट बुडवून रेघा ओढल्या. काळ्या पट्ट्यांना काजळी. माप मी सिनेमाच्या तंबूतल्या पियानोवरून सुतळीला गाठी मारून आणलं होतं. घरी पियानो कुठला?

कुंभकोणमच्या त्या तंबूत मी मुक्या चित्रांना पेटी वाजवायचो. मग मालकाने जुना पियानो आणला, आणि रेल्वेतल्या एका अर्ध्या गोऱ्या गार्डाने मला अमेरिकेची चाल शिकवली. तिला रॅग म्हणतात. रॅग म्हणजे चिंधी, तो म्हणाला. हिने विचारलं, "म्हणजे राग फाटला की रॅग?" फाटलाच म्हणायचा. उजवा हात ठेक्याच्या मागेपुढे पळतो. डाव्याने मात्र चुकायचं नाही. खाली एक सूर, उडी मारून वर तीन सुरांचा घोस, परत खाली. तेही न बघता.

तिथेच माझं अडलं. पेटीवाल्याचा डावा हात पट्ट्यांवर नसतोच, तो मागे भाता ओढतो. चाळीस वर्षांची खोड. जरा घाबरलो की हात पियानोवरून उठायचा आणि हवेतच भाता मारायला लागायचा. लोक चित्र सोडून मला हसत. मालक म्हणाला, "रायरे, शुक्रवारी नवं चित्र लागतंय. तोवर हात बसला नाही तर तिरुच्चीचा माणूस बोलावतो." आम्हां मराठ्यांना इकडे तमिळ लोक रायर म्हणतात. मान देऊन हाकलतात.

म्हणून ही दुपारी विठ्ठलाच्या भजनातल्या चिपळ्या घेऊन माझ्या मागे खांबाला टेकून बसायची. ठेका धरायची. हात उठला की ओरडायची, "भाता!"

त्या बुधवारी पुसलेल्या रेघा पुन्हा ओढल्या, त्या वाळल्यावर बसलो.

"आज जरा हळू घ्या," ती म्हणाली.

"शुक्रवार हळू येणार आहे काय?"

सुरू केलं. अर्ध्यात हात उठला.

"भाता!"

"दिसलं गे, दिसलं."

"दिसलं तर मारता कशाला? पियानो विझतोय काय?"

पुन्हा. पुन्हा उठला. तिसऱ्यांदा मात्र हात धावला. खाली, वर, खाली. फळीवर नुसती टकटक, पण मला सूर ऐकू येत होते. इतक्यात चिपळ्या मागे पडायला लागल्या.

"अगे, ठेका पडतोय!"

"भाता," ती म्हणाली.

मी हाताकडे बघितलं. हात जागेवर होता.

"अहो... भाता..."

"हात जागेवर आहे! डोळे फुटले काय तुझे?"

मी वळलो नाही. पहिल्यांदाच न अडता शेवटाला पोचत होतो. चिपळ्या थांबल्या तरी मी तोंडाने ठेका म्हणत शेवटची उडी घेतली. बरोबर बसली. मग वळलो.

तोंड उघडं, एक हात छातीवर. श्वास आत जात नव्हता. ती स्वतःच्या भात्याचं सांगत होती आणि मी माझा हात बघत होतो.

वैद्य साक्कोट्टैला गेलेला. तो येईपर्यंत संपलं होतं. दिवस मावळायच्या आत कावेरीकाठी नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी सोडून घरी आलो, तर माझी बहीण ओलं फडकं घेऊन फळीपाशी बसलेली.

"दादा, सुतकाच्या घरात रांगोळी नको."

"रांगोळी नाही ती. पियानो आहे. हात लावू नकोस."

एवढ्यात मालक आला. सुतक म्हणून पायरी चढला नाही, रस्त्यातूनच दोन बरे शब्द बोलला. मग घसा खाकरला. "रायरे, शुक्रवारचं..."

"तिरुच्चीचा बोलाव."

"हात बसला नाही?"

"बसला."

तो तिथेच उभा राहिला. मी आत जाऊन फळीसमोर बसलो. डावा हात ठेवला. खाली, वर, खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकदाही उठला नाही. मग मीच मुद्दाम उचलला आणि हवेत भाता मारला. दोनदा मारला. तिसऱ्यांदा मारला तेव्हा बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "दादा, दोन घास खाऊन घे."