डब्यावर कोणतं भूत?

भैयाजींनी तिसरं चित्र उचललं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि उलटं करून गादीवर ठेवलं.

"याले कोणी भिणार नाही," ते म्हणाले.

पहिल्या दोन चित्रांनाही त्यांनी हेच सर्टिफिकेट दिलं होतं. राहुल सर माझ्याकडे बघत होते. राहुल सर म्हणजे माझे बॉस. मी चहाच्या कपात बघत होते.

मी खेळ लिहिते. हे सांगितलं की लोक विचारतात, "मोबाइलवरचे का?" तसे नाही. चार-पाच जण गोल करून बसतात. एक जण गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा. बाकीचे गोष्टीतली पात्रं होतात. गेम मास्टर म्हणतो, "समोर दरी आहे, काय करता?" तुम्ही म्हणता, "उडी मारतो." मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर तुम्ही पलीकडे, लहान पडला तर दरीत. याला फँटसी रोलप्लेइंग गेम म्हणतात. हुडकेश्वरला एका डेंटिस्टच्या दवाखान्यावर आमचं ऑफिस आहे. खालच्या ड्रिलच्या आवाजात दोन वर्षं बसून मी असा एक खेळ मराठीत लिहिला.

या खेळांना एक मोठा व्हिलन लागतो आणि तो बहुतेक वेळा अनडेड असतो. अनडेड म्हणजे मेला, पण गेला नाही. मेलेल्याला पुन्हा मारणं कठीण असतं, त्यामुळे गोष्ट लांबते. खेळाच्या डब्यावर चेहरा त्याचाच छापतात. दुकानात लोक तोच बघतात.

आमच्याकडे तीन उमेदवार होते. एक, जळता मुकुट घातलेला सांगाड्यांचा राजा. तो सरांचा लाडका. दोन, काळ्या झग्यातला रक्तपिपासू सरदार. तो आमची चित्रकार नेहा हिचा, कारण तिला झगे काढायला आवडतात. तीन, आपला जीव एका काळ्या मण्यात लपवून ठेवलेला मेलेला मांत्रिक. तो माझा. त्याच्यासाठी मी अकरा पानं लिहिली होती.

"आम्ही कॉलेजात सर्व्हे केला भैयाजी," सर म्हणाले. "तिघांनाही जवळजवळ सारखी मतं पडली."

"म्हणजे एकही लक्षात नाही राहिला लोकांच्या."

भैयाजींचा गांधीबागेत खेळण्यांचा ठोक धंदा आहे. विदर्भातल्या निम्म्या दुकानदारांशी त्यांची ओळख. त्यांनी डबा नाकारला असता तर सर माझा खेळ गुंडाळून मला पहिलीच्या वर्कबुकवर बसवणार होते. वर्कबुक म्हणजे 'बदकाला तळ्याचा रस्ता दाखवा'. हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं.

तेवढ्यात भैयाजींच्या बायको, कुंदाताई, दुकानामागच्या घरातून आल्या. त्यांनी तिन्ही चित्रं सुलटी केली.

"चित्रं काय पाहून राहिले? खेळ आहे ना हा? मग खेळून पाहा. रविवारी दुकान बंदच असते."

याला आमच्या धंद्यात प्लेटेस्ट म्हणतात. मी इतकी वर्षं हे काम करतेय, पण क्लायंटनेच प्लेटेस्ट सुचवल्याचं पहिल्यांदाच पाहिलं.

रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही त्यांच्या दुकानातल्या गादीवर बसलो. मी गेम मास्टर. भैयाजी योद्धा झाले, कुंदाताई वैद्य झाल्या आणि सर चोर झाले. चोर व्हायला कोणी तयार नव्हतं म्हणून ते झाले.

आधी सांगाड्यांचा राजा. मी आवाज जाड केला. "माझ्या दहा हजार सैनिकांपुढे तुम्ही तिघं काय करणार?"

भैयाजींनी तलवार काढलीच नाही. "महाराज, दहा हजार माणसं कशाले उभी केली? तीन गिऱ्हाइकांसाठी कोणी एवढा स्टाफ ठेवते का? अर्धे घरी पाठवा, आपण बसून बोलू."

नियमात बोलणी करायला परवानगी आहे. नियम मीच लिहिलाय. भैयाजींनी फासा टाकला. वीस पडले. वीस पडले की समोरच्याला ऐकावंच लागतं. राजाने सैन्य घरी पाठवलं. पुन्हा फासा टाकला, राजा खाली बसला. पाऊण तासात तो भैयाजींच्या पात्राकडे नोकरीला लागला. सरांचा चेहरा पाहवत नव्हता.

मग रक्तपिपासू सरदार. त्याचा नियम असा की आमंत्रण मिळाल्याशिवाय तो घरात पाऊल ठेवू शकत नाही. मी म्हटलं, "दारावर टकटक होते. बाहेर एक फिकट माणूस उभा आहे. आत येऊ का, असं विचारतो."

"या ना," कुंदाताई म्हणाल्या.

"ताई, तो माणसांचं रक्त पितो!"

"असंन. दारात आलेल्याले उभं ठेवते का कोणी? त्याले म्हणा, चपला बाहेर काढा. जेवला का विचारा."

"तो म्हणतो, तीनशे वर्षांपासून उपाशी आहे."

"अरे देवा! वांग्याची भाजी आहे, लसणाची चटणी आहे, भाकर आहे. वाढते मी."

रक्तपिपासूला लसूण म्हणजे विष. हाही नियम मीच लिहिलाय. मी फासा टाकला, एक पडला. सरदाराने पहिला घास घेतला आणि ताटावरच त्याची राख झाली.

कुंदाताई खरोखर हळहळल्या. "आधी सांगाचं ना वं, लसूण चालत नाही म्हणून! बिनालसणाचं केलं असतं."

तिसरा माझा मांत्रिक. मी नुसतं म्हटलं, "हा कितीही वार केले तरी मरत नाही."

"जीव दुसऱ्या कशात तरी असंन," भैयाजी म्हणाले.

"पोपटात," कुंदाताई म्हणाल्या. "नाहीतर मण्यात. गळ्यात पाहा गा त्याच्या."

अकरा पानं चार मिनिटांत संपली.

भैयाजींनी गुडघ्यावर हात ठेवला. उठायची तयारी. मला बदक दिसायला लागलं. तळंही दिसलं.

"अजून एक आहे," मी म्हणाले.

सरांनी दचकून पाहिलं, कारण अजून एक नव्हता. नेहाचं चित्र नव्हतं, माझं पान नव्हतं. लहानपणी आमच्या गावात सांगायचे की तिन्हीसांजेला मागून कोणी एकदाच हाक मारली तर ओ देऊ नये. मेलेला माणूस एकदाच हाक मारतो. जिवंत माणूस दुसऱ्यांदाही मारतो. तेवढ्यावरच मी सुरू झाले.

"किल्ल्याचा एक पहारेकरी होता. एकदा त्याच्या तोंडावर दरवाजा बंद झाला. तो बाहेर एकेकाचं नाव घेऊन हाका मारत राहिला. आतल्या सगळ्यांनी ऐकलं, पण कोणीच ओ दिली नाही. तो तिथेच मेला. तो दिसत नाही. तुमच्या घरच्या माणसाच्या आवाजात तो एकदाच हाक मारतो. ओ दिली की तुम्ही त्याच्या जागी आणि तो मोकळा."

"बरं मग?" भैयाजी म्हणाले.

मी त्यांना किल्ल्यात फिरवलं. पायऱ्या मोजायला लावल्या, कुलूप उघडायला लावलं. ते फासा हातात घेऊन आकडे जुळवत असताना मी कुंदाताईंच्या सुरात म्हटलं, "अहो!"

"आलो आलो," भैयाजी म्हणाले.

मी त्यांच्या हातातला फासा काढून घेतला.

"मेले तुम्ही," कुंदाताई म्हणाल्या.

"हे धरू नका मॅडम. तोंडातून निघून गेलं. पस्तीस वर्षांची सवय आहे."

मी नवा डाव दिला. दहा मिनिटांत ते पुन्हा "काय गं?" म्हणून मेले. तिसऱ्या डावात ते माझ्या तोंडाकडे टक लावून बसले. फासाही न पाहता टाकत होते. ज्या माणसाने राजाला नोकरीला ठेवलं, तो आता घाम पुसत होता. कुंदाताई मधेच उठून आत गेल्या.

"अहो, चहात साखर टाकू का?" आतून आवाज आला.

भैयाजी हलले नाहीत. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान हलवली, मी नाही. त्यांना पटलं नाही.

कुंदाताई गाळणी घेऊन दारात आल्या. "काहून बोलून नाही राहिले? मी खरी आहे ना!"

"दुसऱ्यांदा बोलली," भैयाजींनी श्वास सोडला. "टाक. दोन चमचे टाक."

मग चहाचा कप हातात घेऊन ते सरांना म्हणाले, "हा. डब्यावर हाच पाहिजे."

"पण तो दिसतच नाही!" सर म्हणाले.

पुढचे दोन आठवडे आम्ही याच प्रश्नावर भांडलो. नेहाने पाच पहारेकरी काढले. पाचही उघडपणे दिसत होते. शेवटी तिने भूत सोडून दिलं आणि एका माणसाची पाठ काढली. मान किंचित वळलेली, तोंड ओ द्यायला जेमतेम उघडलेलं. झगा नसल्यामुळे ती अजून नाराज आहे.

डबा छापून झाला. भैयाजींनी घेतला. खेळ आता सीताबर्डीच्या दुकानातही दिसतो. सरांचा राजा आतल्या एका पानावर आहे. माझा मांत्रिक अकरा पानांवरून अर्ध्या पानावर आला.

व्हिलन निवडायला सर्व्हे घेऊ नये, एवढं मी यातून शिकले. मुकुट, सैन्य, झगा यांच्याशी लोक व्यवस्थित बोलून घेतात. भीती वाटते ती आपल्याच एखाद्या सवयीची. तोटा एवढाच झाला की आमच्या ऑफिसात आता पहिल्या हाकेला कोणीही ओ देत नाही, आणि सर प्रत्येक काम आम्हाला दोनदा सांगतात.