पाठ घासणारा

बायको गेली, तेव्हा लेक मला उंब्रजहून आठवडाभर सांगलीला घेऊन गेली. शहरात मन रमेल म्हणाली. रमलं, खोटं कशाला बोलू? लढाईमुळं साखर रेशनवर होती, तरी हॉटेलातला गुळाचा चहा झकास लागायचा. संध्याकाळी भडंग. पण खरी मजा कृष्णेच्या घाटावर, आंघोळीला.

पहिल्याच सकाळी एक ढेरपोट्या म्हातारा खरबरीत दगड माझ्यापुढं धरून म्हणाला, "आवं पावणं, पाठ घासा जरा. मग मी तुमची घासतो."

"ओळख ना पाळख, आन् पाठ घासा?"

"मग सोताचा हात पुरतोय व्हय तितं? लाजू नगा."

घासली. मग त्यानं माझी घासली. मानेपासनं खाली, मधेच एक थाप मारून. बायको अशीच घासायची. ती गेल्यापासनं पाठीला कुणाचा हात लागला नव्हता. लेकीला कसं सांगणार? माझे डोळे भरले, नाक ओढलं.

"जोरात लागलं काय?"

"न्हाई."

"मळ लय साठलाय गड्या! बायकू घासत न्हाई व्हय?"

"गेली ती."

त्याचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. "माझीबी," तो म्हणाला. "म्हणून तर रोज गिऱ्हाईक हुडकतोय."

दोघंही खो खो हसलो. आठवडाभर रोज भेटलो, पण नाव विचारायचं राहिलंच.

उंब्रजला परतलो, तसा दुसऱ्याच दिवशी दगड घेऊन नदीवर गेलो. एक परका माणूस आंघोळ करत होता. त्याला म्हणालो, "आवं पावणं, पाठ घासा जरा."

तो बिचकला.

"लाजू नगा," मी म्हणालो, आणि पाठ फिरवून उभा राहिलो.