चौथ्या ग्राफचं माप

"चारेय सरखा लागे छे, बेन. काढी नाखो," मनीषाचे गाईड सर मला फोनवर म्हणाले. म्हणजे चारही ग्राफ सारखेच दिसतात, काढून टाका. स्पीकर चालू होता, त्यामुळे शेजारी बसलेल्या मनीषाने ते ऐकलंच. तिचा चेहरा उतरला. संध्याकाळपर्यंत थिसिस जमा करायचा होता, आणि सर जे पान काढा म्हणत होते, त्यावरच तिच्या सगळ्या कामाचा निष्कर्ष उभा होता.

सुरतेत, उधन्याला, तेव्हा माझं थिसिस सेट करून देण्याचं दुकान होतं. दोन कॉम्प्युटर, एक बाकडा, बाहेर दिवसभर लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट. आता मी घरूनच काम करते. फायली मेलवर येतात, माणसं येत नाहीत. त्या दुकानाची फार आठवण येते, खरं सांगते.

मनीषा आमच्या खानदेशातली. वडील कडोदऱ्याला लूमवर. जन्म त्या आवाजात गेला, त्यांना ऐकू कमी यायला लागलं. म्हणून पोरीने विषयच तो घेतला. लूमखाली रबरी गादी घातली तर आवाज किती कमी होतो? मालकाच्या मागे लागून तिने वडिलांच्या शेडमध्ये गाद्या बसवून घेतल्या. बाकीच्या तीन शेड होत्या तशाच ठेवल्या. प्रत्येक शेडचा एक ग्राफ, चौथा वडिलांच्या शेडचा.

काम लॅटेक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. त्यात चित्र माऊसने ओढत बसायचं नसतं, कुठे बसवायचं ते लिहून सांगायचं. एका मोठ्या चित्रात चार छोटी, त्यांना सबफिगर म्हणतात. प्रत्येकाच्या डाव्या कडेला 'आवाज, डेसिबल' आणि खाली 'वेळ' असं लिहिलेलं, ती अ‍ॅक्सिस लेबलं. मनीषाने चौघांना सारखी रुंदी दिली होती. पण आकडेही त्याच रुंदीतून जागा खातात. जिथे तीन अंकी आकडे, तिथली चौकट बारीक. चौथ्या ग्राफचे आकडे दोन अंकी, त्याची चौकट ऐसपैस. एकाखाली एक काही येईना. असलं वेडंवाकडं पान बघितलं की माझं डोकंच फिरतं.

"काढायचं ते मग बघू गं," मी म्हटलं. "आधी मला हे सरळ करू दे."

रुंदी अख्ख्या चित्राला न देता आतल्या चौकटीला दिली. चौकटी रांगेत आल्या. चारदा लिहिलेली लेबलं काढून डावीकडे एकच उभं लेबल टाकलं, खाली एकच. मग उजवीकडच्या दोन ग्राफचे आकडेही उडवायला घेतले.

"ताई, थांबा," मनीषा म्हणाली. "ते आकडे काढले तर खोटं होईल. चौघांचे वेगळे आहेत."

"वेगळे कसे काय?"

"सॉफ्टवेअरने प्रत्येकाचं माप आपलं आपणच धरलंय..." बोलता बोलता ती स्क्रीनवर वाकली आणि आकडे वाचू लागली.

बाकी तिघांचा तळ पंच्याण्णवला होता, चौथ्याचा पंच्याऐंशीला. म्हणून कमी आवाजाची रेघसुद्धा चौकटीच्या मधोमध ऐटीत बसली होती. थिसिसमधल्या तक्त्यात फरक स्पष्ट होता, तिला तो पाठच होता. चित्रात मात्र तो कुठेच नव्हता.

"चौघांनाही ऐंशी ते एकशेदहा लावा," ती म्हणाली.

मी लावलं. पान पुन्हा तयार झालं. तीन रेघा वर, आणि चौथी पार खाली.

तिचे वडील सुट्टी टाकून सकाळपासून बाकड्यावर बसून होते. ते उठून जवळ आले आणि लूमवाले बोलतात तसं मोठ्याने, अहिराणीत विचारलं, "हाई आपली शेड शे का?"

मनीषाने होकारार्थी मान हलवली. त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवून ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. "इतकी खाले?" म्हणाले, आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मी उगाच प्रिंटरशी खुडबुड करत बसले.

सरांना पान पाठवलं. लगेच उत्तर आलं, "आ राखो." हे ठेवा.

थिसिस पास झाला. मालकाने आणखी एका शेडमध्ये गाद्या घातल्या, बाकीच्यांत अजून नाहीत. वडिलांचे कान गेले ते गेलेच. मनीषा आता इच्छापोरला नोकरी करते.

मी तर ते पान नुसतं नीटनेटकं करायला बसले होते. नीटनेटकं पान चुकीचं असलं तरी छानच दिसतं. म्हणून आता कुणी चार ग्राफ पाठवले की मी रुंदी नंतर बघते. आधी विचारते, चौघांचं माप एक आहे का?