रोमन छावणीचे दगड आणि आपल्या मिलचं फाटक

मिलच्या मंडळींनो, इतक्या उशिरा लिहितोय, माफ करा. डोंगर चढून पाय सुजलेत.

इथे इंग्लंडमध्ये लेकीने आज डोंगरावरची रोमन सैन्याची पडकी छावणी दाखवली. नुसता पाया उरलाय. मी विचारलं, "बाकीचे दगड कुठे गेले?"

"लोकांनी घरं बांधायला नेले, बाबा."

मला आपलं फाटक आठवलं आणि डोकंच फिरलं. मिल बंद करायला सही देणाऱ्या आपल्या युनियनच्या नेत्याने इंदूरच्या पलासिया भागातल्या स्वतःच्या बंगल्याला आपल्याच मिलचं फाटक लावलंय. मिल चालू असताना दर दसऱ्याला आपण त्या फाटकाला झेंडूचा हार घालायचो.

या दसऱ्याला मी इंदूरला असेन. सगळे मिळून, भरदिवसा, त्याच्या बंगल्यावर जाऊन त्याच फाटकाला हार घालू. शेजारी विचारतील तेव्हा नेत्यासमोरच फाटक कुठलं ते सगळं सांगू.

तो पोलीस बोलावेल, ही धास्ती आहे. तरी मी येणार. भिया, भावांनो, आणखी कोण येतंय? लवकर कळवा, जिवाला चैन नाही.