नकाशाचा खालचा डावा कोपरा

आर्डिथ क्रॅनमरला खोटं बोलता येत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. तिची शेजारीण म्हणून माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि तिच्या या गुणाचा मला जेवढा ताप झाला तेवढा नवऱ्याच्या घोरण्याचाही झाला नाही. मी नवा ड्रेस घालून चर्चला निघाले की ही कुंपणापलीकडून ओरडणार, "मागून बरा नाही दिसत गं!" गावच्या घेवड्याच्या गोदामात ती निवृत्त होईपर्यंत वजनकाट्यावर बसायची. स्वतःचा नवरा वेंडेल ट्रक घेऊन आला की आधी त्याला खाली उतरवायची. "तुझं वजन घेवड्यात नको," म्हणायची, तेही भर रांगेत. वेंडेल तेव्हा चांगलाच जाड होता, आणि सगळी रांग हसायची.

अशा बाईकडून एक छोटंसं खोटं वदवून घ्यायची वेळ माझ्यावर आली, ती टीव्हीपायी.

आमचा पिन्यॉन जिल्हा कोलोरॅडोच्या अगदी नैर्ऋत्य कोपऱ्यात. आमचे कर डेन्व्हरला जातात, गव्हर्नर डेन्व्हरला बसतो, पण डिशवर बातम्या लागतात त्या अल्बुकर्कीच्या, म्हणजे शेजारच्या राज्यातल्या. निवडणूक आली की ज्यांना आम्ही मत देऊच शकत नाही त्यांच्या जाहिराती आमच्या डोक्यावर आदळतात. डेन्व्हरचा सामना असला की आम्हाला भलतेच दोन संघ दाखवतात. छपरावर साधा अँटेना लावावा तर मध्ये डोंगर, पडद्यावर नुसत्या मुंग्या. तक्रार केली की एकच उत्तर : "तुमचा जिल्हा अल्बुकर्कीच्या बाजारपेठेत येतो." बाजारपेठ म्हणे! मी अल्बुकर्कीत आजवर शर्टाचं बटणसुद्धा विकत घेतलेलं नाही.

वेंडेलला याचं काही सोयरसुतक नव्हतं. तो मनानं कधीच अल्बुकर्कीकर झाला होता. तिथला कुठला पूल दुरुस्तीसाठी बंद आहे, कुठे गाड्या तुंबल्यात, सगळं त्याला पाठ. "आज पुलाकडून जाऊ नका रे बाबांनो," असं तो कॉफी पीत टीव्हीला सांगायचा. त्या शहरात त्यानं एकदाही गाडी चालवलेली नाही.

आर्डिथचं दुखणं मात्र खरं होतं. त्यांची एकुलती एक लेक शॉना डेन्व्हरच्या एका वाहिनीवर संध्याकाळचं हवामान सांगायला लागली होती. आर्डिथला ती नर्स व्हायला हवी होती, आमच्याच दवाखान्यात. "नकाशापुढे उभं राहून हात हलवायचे, हे काय काम झालं?" असं ती फोनवर बोलून गेली. मनात आलं की तोंडावर आलंच. शॉना दुखावली. "आई, एकदा बघ आणि मग बोल," म्हणाली. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं वाढदिवस आणि नाताळापुरतं उरलं. लेकीला एकदा काम करताना बघायचं, एवढंच आर्डिथला हवं होतं. तेवढंच नेमकं मिळत नव्हतं.

शॉनानं स्वतः हवामान सांगतानाची एक कॅसेट पाठवली होती. आर्डिथनं ती लावलीच नाही.

"मागच्या आठवड्याचं हवामान आज बघू? शिळं?"

"अगं, हवामान नको बघू, पोरीला बघ!" मी म्हटलं.

"पोरीचं काम हवामान सांगणं. ते खरं ठरतं का, हे नको बघायला? कॅसेटवर काय, मला सगळं आधीच ठाऊक."



खरं तर जिल्ह्यातल्या निम्म्या घरांना यावरची युक्ती माहीत होती. डिश कंपनीला फोन करायचा, आम्ही डेन्व्हरला राहायला गेलो म्हणून सांगायचं, तिथला कुणाचा तरी पत्ता द्यायचा. डिश आपली छपरावर होती तिथेच. कंपनीवाले कुठेतरी बटण दाबतात आणि डेन्व्हर सुरू होतं. आमचे पाद्रीबाबासुद्धा कागदोपत्री डेन्व्हरला राहत होते.

मी आर्डिथला तिच्या स्वयंपाकघरात फोनपाशी बसवलं, काय बोलायचं ते पढवलं.

"मॅडम, तुम्ही कधी घर बदललंत?" पलीकडून एका तरुणानं विचारलं.

"मी? नाही बदललं. मी आहे तिथेच आहे. मला फक्त वाहिनी हवीय."

मी कपाळावर हात मारून घेतला. पुन्हा फोन लावला, तर या वेळचा माणूस देवमाणूस होता, स्वतःच दार उघडून देत होता. "मग मॅडम, तुम्ही डेन्व्हरला राहता असं समजू का मी?"

"तुम्हाला काय समजायचं ते समजा, पण मी राहत नाही."

माझं डोकं फिरलं. "आर्डिथ, तुला लेक बघायचीय की स्वर्गात जायचंय?"

"दोन्ही," ती म्हणाली.

शेवटी मीच आर्डिथ झाले. तिला अंगणात घालवलं, तिच्या नावानं फोन केला आणि शॉनाचा पत्ता देऊन टाकला. पाच मिनिटांचं काम. खिडकीतून बघते तर ही कोंबड्यांपाशी दोन्ही कानांवर हात ठेवून उभी.

त्या संध्याकाळी तिनं हिरव्या मिरचीचा रस्सा केला आणि ठेवणीतला स्वेटर घातला. "माझ्या पुलाचं काय झालं असेल?" म्हणून वेंडेल कुरकुरत होता. बातम्या संपल्या आणि शॉना आली.

"केस कापलेत हिनं," आर्डिथ पुटपुटली. मग तिनं खुर्ची पडद्याजवळ ओढली. शॉनाच्या मागे सबंध कोलोरॅडोचा नकाशा होता. ती डेन्व्हरबद्दल बोलली, घाटांबद्दल बोलली, पूर्वेच्या माळरानाबद्दल बोलली. आमचं नावसुद्धा नाही, आणि आमच्या खिडकीबाहेर तर बर्फ आडवा झोडपत होता. आता आर्डिथ रडणार, असं मला वाटलं.

"ही आपल्यावर उभी आहे," ती म्हणाली.

मी नीट बघितलं. खरंच. नकाशाचा खालचा डावा कोपरा शॉनाच्या जाकिटाआड पार झाकून गेला होता.

आर्डिथनं लगेच फोन लावला. बऱ्याच वेळानं शॉना फोनवर आली.

"आई? तू पाहिलंस?"

"पाहिलं. छान बोलतेस. घाई करत नाहीस. पण तू आपल्या जिल्ह्यावर उभी आहेस. इथे बर्फ पडतोय शॉना, आणि तू सगळा जिल्हा झाकलास."

"आई, मला तिथेच उभं राहायला सांगितलंय. त्या कोपऱ्यात आमची वाहिनी दिसत नाही ना. तिथे कुणी बघत नाही, म्हणून."

"मी बघतेय ना."

"हो गं." शॉनाचा आवाज बदलला. "उद्या बाजूला होईन. आपल्याकडचं तापमानही सांगेन. बघशील?"

"बघेन."

इथे सगळं गोड झालं असतं. पण 'तिथे कुणी बघत नाही' हे वाक्य आर्डिथच्या घशात अडकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी नसताना तिनं कंपनीला फोन केला. हे मला वेंडेलनं नंतर सांगितलं, हसू दाबत.

"मी पिन्यॉन जिल्ह्यातून बोलतेय," आर्डिथनं ठणकावलं. "वाहिनीवाल्यांना कळवा, इथेही माणसं बघतात."

"पण मॅडम, तुम्ही तर डेन्व्हरला राहता."

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच सांगितलंत."

"मी नाही. ती माझी शेजारीण."

पलीकडचा माणूस फार नम्र होता म्हणे. झालेल्या चुकीबद्दल त्यानं माफीही मागितली, आणि ती चूक तिथल्या तिथे दुरुस्त केली.

संध्याकाळी मी मक्याचा पाव घेऊन गेले, तर टीव्हीवर अल्बुकर्की. "पूल उघडला!" वेंडेल ओरडला. "गप्प बस," आर्डिथ म्हणाली. ती फोन कानाला लावून, कुणी उचलेपर्यंत वाजणारं कंपनीचं संगीत ऐकत बसली होती. मला असा संताप आला की पाव तिथेच आपटावा. कंपनीवर, त्या बाजारपेठेवर, आणि सगळ्यांत जास्त या बाईवर. शॉनाची वेळ आली आणि गेली. आर्डिथनं फोन ठेवला, आणि ठेवताक्षणी तो वाजला.

"आई, पाहिलंस? झाले ना बाजूला?" शॉना इतक्या जोरात बोलत होती की मलाही ऐकू आलं.

आर्डिथनं टीव्हीवरच्या पुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचे डोळे भरले होते.

"पाहिलं," ती म्हणाली.

माझा आ वासलेला तसाच राहिला.

"मग सांग, किती सांगितलं मी आपल्याकडचं?"

आर्डिथ फोनची वायर ताणत खिडकीशी गेली. काचेवरची वाफ बाहीनं पुसली आणि बाहेर चौकटीला ठोकलेल्या तापमापकाकडे डोळे बारीक करून बघितलं. आमच्याकडे फॅरनहाइट, बत्तीसला पाणी गोठतं. त्या दिवशी पारा पार खाली बसला होता.

"चौदा."

"आई," शॉना हळू आवाजात म्हणाली, "मी वीस सांगितलं."

आर्डिथ ताठ उभी राहिली. "मग तू चुकलीस. इथे चौदा आहे."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "उद्या बातम्यांच्या आधी मला फोन करून सांगशील?"

तेव्हापासून आर्डिथ रोज संध्याकाळी खिडकीपाशी जाते आणि लेकीला आकडा सांगते. शॉना बाजूला होऊन तो सांगते. सगळ्या डेन्व्हरला आता आमचं तापमान माहीत असतं. आम्ही इकडे तो पूल बघत बसतो.