आकडा शून्यावर येईपर्यंत

चहा घेऊन घरातली थोरली सून दारापर्यंत आली आणि तिथंच थबकली. बाहेरच्या खोलीत तिच्या दिराची, म्हणजे भावजींची, आणि त्यांच्या साहेबांची चांगलीच जुंपली होती.

"एका आकड्यासाठी काम अडवून बसलात?"

"साहेब, आकडा एक म्हणजे कुणीतरी अजून धरून बसलंय."

"की तुमचीच जुनी खोड? घेतलेलं सोडायला विसरणारे तुम्हीच ना?"

थोरलीच्या हातातल्या चहावर साय धरली.

भावजी मोठ्या दवाखान्यात ड्रायव्हर लिहायचे. गाडी हाकणारा नव्हे. खाटेजवळचं यंत्र आणि कॉम्प्युटर यांचं एकमेकांशी जुळवून देणारा प्रोग्राम. थोरली चौथी शिकलेली, पण एवढं तिला कळलं होतं: कुणी तो वापरायला घेतला की आकडा एकानं चढतो, सोडला की एकानं उतरतो. शून्य झालं की जुना ड्रायव्हर काढून नवा घालायचा. कुणाच्या हातात असताना ओढून काढला, तर अख्खा कॉम्प्युटर जागच्या जागी गोठतो. उमेदीच्या काळात भावजींची एक चूक राहिली होती. काम मध्येच फसलं की त्यांचा प्रोग्राम तसाच माघारी फिरायचा आणि आकडा उतरवायचं राहून जायचं. वापरणारं कुणी नाही, आकडा मात्र एकवर. साहेबांनी ते नीट लक्षात ठेवलं होतं.

"जबरदस्तीनं काढायची सोय आहे ना?"

"आहे. चूक माझी निघाली तर चारचौघांत कबूल करीन. आधी बघून येऊ द्या."

दवाखान्यात बाकीच्या खाटांची यंत्रं दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून झाली होती. तरी भावजी एकेक खोली पालथी घालत फिरले. तिसऱ्या मजल्यावर शेवटच्या खोलीत एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर उजेड येतो म्हणून नर्सबाईंनी यंत्राचं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. सगळ्यांना वाटलं, ते बंदच आहे. ते मात्र बिनबोभाट त्याच्या काळजाचे ठोके मोजत होतं.

त्यानंतर साहेबांनी एका शब्दानं विषय काढला नाही. भावजींच्या बढतीचाही काढला नाही.

"वाईट नाही वाटत?" थोरलीनं एकदा विचारलं.

"वहिनी, ही खुर्ची आता माझ्याच मापाची झालीय. दुसरी टोचेल."

एका गुरुवारी भावजी वारले. छातीचं दुखणं होतं, डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली होती. आदल्या दिवशी थोरली त्यांचा डबा घेऊन दवाखान्यात गेली, तेव्हा त्यांना एक जुना ड्रायव्हर काढायचा होता. लिफ्ट बंद होती.

"फोन करून विचारा की," ती म्हणाली.

"विचारलं. वर म्हणतात, कुणी नाही. आकडा म्हणतोय दोन."

"मग आकड्याला सांगा खाली यायला."

ते हसले आणि जिन्याला लागले. दर वळणावर कठड्याला धरून श्वास घेत होते. थोरली एक पायरी मागं, डबा सांभाळत. दोन्ही यंत्रं सापडली. नर्सबाईंनी दोघा रोग्यांना दुसऱ्या यंत्रांवर घेतलं, तोवर भावजी खाटांच्या पायाशी उभे राहिले. मग खाली आले. नवीन कुणी घेऊ नये म्हणून आधी वाट बंद केली, आकडा शून्य झालेला पाहिला आणि ड्रायव्हर काढला. वहीत वेळ लिहिली, खाली सही केली आणि पेनाला टोपण लावलं.